भावाचा की भावांचा?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या आजोबांनी आणि त्यांच्या दोन भावांनी १९५७ साली केलेल्या वाटणीपत्रात ‘विहिरीत भावांचा हिस्सा समान राहील’ असे एक वाक्य आहे. भोर तालुक्यातील थोड्याशा जमिनीच्या वारसनोंदीसाठी हे वाटणीपत्र गेल्या पावसाळ्यात ऑनलाइन अर्जाला जोडावे लागले. अर्ज महिन्याभराने परत आला. सोबतच्या शेऱ्यात दस्तातील मजकूर उद्धृत केला होता आणि त्यात ‘भावाचा हिस्सा’ असे लिहून ‘कोणत्या भावाचा, याचा खुलासा करावा’ असे विचारले होते. शिवाय सर्व्हे नंबर १९१ आहे की १११ आहे, तेही स्पष्ट होत नाही, असे म्हटले होते. शेरा लिहिणाऱ्याचा दोष होता असे मी म्हणणार नाही. आम्ही जोडलेली प्रतिमा मी घरी संगणकावर मोठी करून पाहिली, तेव्हा मलाही ‘भावाचा’ असेच दिसले. मूळ कागद हातात घेऊन पाहिला, तर अनुस्वार जागच्या जागी होता, चांगला टपोरा, दस्तलेखकाने टाक किंचित दाबून दिलेला.

हा कागद १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात भिजलेला आहे. नारायण पेठेतल्या आमच्या तळमजल्यावरील ट्रंकेत पाणी शिरले होते आणि आईने एकेक कागद सुटा करून कपड्यांसारखा दांडीवर वाळत घातला होता. त्याच्या खालच्या कोपऱ्यात चहासारखा तपकिरी डाग अजून आहे. पुरातून वाचलेला हा अनुस्वार आमच्या अर्जात मात्र वाचला नाही. तो नेमका कोठे आणि कसा गेला, हे मी नंतर टप्प्याटप्प्याने तपासले. मी चौतीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले आहे. गेलेला अनुस्वार कोठे गेला, हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही, ही सवय समजावी. त्या तपासातून हाती आलेल्या गोष्टी आपल्या वाचकांच्या आणि संबंधित कार्यालयांच्या उपयोगी पडतील, म्हणून हे पत्र.

प्रकार असा झाला होता. आम्ही कागद ज्या दुकानात नेला, तेथील मुलाने स्कॅनर बंद असल्यामुळे मोबाइलवर चारही पानांचे फोटो काढले, ते स्वतःच्याच दुसऱ्या क्रमांकावर पाठवून संगणकावर उतरवले, त्यांची पीडीएफ केली, अर्जाला पीडीएफ चालत नाही असे लक्षात आल्यावर त्या पीडीएफची एका संकेतस्थळावर पुन्हा जेपीजी चित्रे केली आणि चारही पाने मिळून दोनशे केबींच्या आत बसावीत म्हणून ती शेवटी आणखी दाबून लहान केली. म्हणजे एका पानाचे पाच वेळा रूपांतर झाले आणि प्रत्येक वेळी त्यातले काही ना काही गळाले. मुलगा चटपटीत होता, त्याने पैसेही वाजवीच घेतले. हे काम असेच करायचे असते, असे त्याला कोणीतरी शिकवले होते आणि गल्लोगल्लीच्या दुकानांतून ते असेच चालते.

मुळात पानाचे चित्र म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांची जाळी. एका इंचात असे किती ठिपके, त्यालाच डीपीआय म्हणतात. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. त्याची ३०० डीपीआयने प्रतिमा केली तर ती २४८० बाय ३५०८ ठिपक्यांची होते, १५० ने केली तर १२४० बाय १७५४ ची आणि ७२ ने केली तर अवघी ५९५ बाय ८४२ ची. आता आपला अनुस्वार घ्या. अर्ध्या मिलिमीटरच्या अनुस्वाराला ३०० डीपीआयमध्ये सुमारे सहा ठिपक्यांची रुंदी मिळते, १५० मध्ये तीन ठिपक्यांची आणि ७२ मध्ये जेमतेम दीड ठिपक्याची. दीड ठिपक्यात गोलाई मावत नाही; तेथे करड्या रंगाची एक शंका तेवढी उरते आणि पुढच्या दाबणीत ती शंकाही जाते. छापील पुस्तकातल्या तळटिपेतला अनुस्वार तर याहून बारीक असतो. रोमन लिपीत आय आणि जे या अक्षरांवरचे टिंब उडाले तरी वाचणारा अडत नाही. आपल्याकडे टिंबावर वचन ठरते. ‘महिन्यात’ आणि ‘महिन्यांत’, ‘वारसाची’ आणि ‘वारसांची’, ‘भावाचा’ आणि ‘भावांचा’ यांत एका ठिपक्याचा फरक आहे आणि दस्तऐवजात त्या ठिपक्याला हिश्शाइतकी किंमत आहे. ऱ्हस्व-दीर्घ उकारांचे, रफाराचे आणि १ व ९ या अंकांचेही तेच. नऊचे वरचे वेटोळे भरून आले, की तो एक होतो.

दुसरा गुन्हेगार जेपीजी. ही पद्धत १९९२ साली प्रमाणित झाली ती छायाचित्रांसाठी, आणि त्या कामात तिला तोड नाही. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातला बारीक, झटकन बदलणारा तपशील डोळ्यांना जाणवणार नाही या हिशेबाने कमी करते. आकाश, चेहरा, साडीचा पोत यांत ते खरोखरच जाणवत नाही. परंतु पांढऱ्यावर काळे अक्षर म्हणजे सगळाच झटकन बदलणारा तपशील. तेथे ही काटकसर केली, की अक्षराच्या कडा विरतात आणि टाक झटकल्यावर शाईचे शिंतोडे उडावेत तसे करडे कण अक्षरांभोवती उमटतात. त्यांतला एखादा कण शिरोरेषेच्या नेमका वर पडला, तर जेथे अनुस्वार नाही तेथे तो असल्यासारखा दिसतो. मुद्रितशोधक म्हणून सांगतो, गेलेला अनुस्वार संदर्भावरून पकडता येतो, परंतु आलेला अनुस्वार पकडणे फार अवघड असते, कारण तो वाक्याला मुकाट्याने नवा अर्थ देऊन मोकळा होतो. शिवाय जेपीजी फाइल उघडून, थोडी कापून, पुन्हा जेपीजी म्हणूनच साठवली, की ही काटछाट आणखी एकदा होते. पीएनजी या १९९६ सालच्या पद्धतीत आणि तिच्याहून जुन्या टिफमध्ये, योग्य प्रकार निवडल्यास, असे होत नाही. तेथे आकार कमी होतो, पण ठिपका बदलत नाही. अक्षरांच्या पानासाठी याच दोहोंपैकी एक निवडावी, इतका साधा नियम दुकानाच्या भिंतीवर लावला तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

पीडीएफवरून चित्र करताना आणखी एक गफलत होते. पीडीएफ दोन जातींची असते आणि हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. संगणकावर टंकलेल्या मजकुराची थेट केलेली पीडीएफ ही एक जात. तीत अक्षरे बाह्यरेषांच्या रूपाने असतात. कितीही मोठी करा, कडा धारदारच राहतात. तिचे चित्र किती डीपीआयचे करायचे, हे करणाऱ्याच्या हातात असते. पण ते सांगावे लागते. पीडीएफ ही पद्धत अडोबी कंपनीने १९९३ साली आणली, तेव्हापासून तिच्यातील मोजमाप इंचाला ७२ बिंदू असे आहे. म्हणूनच की काय, काही सॉफ्टवेअर वेगळे सांगितले नाही तर ७२ डीपीआयवरच चित्र काढून देतात. इमेजमॅजिक हे त्यांपैकी एक. त्याला लेखी आज्ञा देताना डीपीआयचा आकडा पीडीएफ फाइलच्या नावाच्या आधी द्यावा लागतो. नंतर दिला, तर ७२ वर तयार झालेल्या चित्रावर ३०० ची नुसती चिठ्ठी चिकटते. पॉप्लर या मोफत संचातील पीडीएफटूपीपीएम हे पीडीएफची चित्रे करणारे साधन काहीच न सांगितल्यास १५० धरते, पण ३०० आणि पीएनजी असे दोन शब्द सांगितले, की शंभर पानांची शंभर स्वच्छ चित्रे फारसा वेळ न घेता काढून देते. माझ्या पुतण्याने हे मला दाखवले तेव्हा त्या दुकानातली पाच पायऱ्यांची कसरत आठवून मला हसू आले.

दुसरी जात स्कॅन केलेल्या पानांची. तेथे पीडीएफ म्हणजे आत छायाचित्रे भरलेले नुसते पाकीट. ते चित्र आत १५० डीपीआयचे असेल, तर बाहेर काढताना ६०० म्हणून कितीही ओरडले तरी फाइल तेवढी फुगते, तपशील येत नाही. पातळ ताकात पाणी घालून ते घट्ट होत नाही. अशा वेळी पानाचे नव्याने चित्र करण्याऐवजी आतले चित्र आहे तसे बाहेर काढावे. वर उल्लेखिलेल्या पॉप्लर संचातच पीडीएफइमेजेस नावाचे साधन त्यासाठी आहे. आत जे आहे त्याहून चांगले हवे असेल, तर कागदाकडे परत जाण्यावाचून मार्ग नाही, आणि म्हणूनच स्कॅन झाला म्हणून कागद रद्दीत घालण्याची घाई कोणी करू नये.

डीपीआयच्या चिठ्ठीविषयी आणखी थोडे लिहितो, कारण ती फसवणूक मी प्रत्यक्ष पाहिली. दुसऱ्या एका दुकानात ‘तीनशे डीपीआय पाहिजे’ असे मी म्हटल्यावर तेथील गृहस्थांनी तेच मरतुकडे चित्र उघडले, एका चौकटीतला ७२ हा आकडा पुसून तेथे ३०० लिहिले आणि ‘झाले’ म्हणाले. चित्रातले ठिपके तितकेच होते; फक्त छापल्यावर ते टपाल तिकिटाएवढे दिसावे, अशी सूचना त्यात भरली गेली होती. तेव्हा डीपीआय किती, हे विचारण्यापेक्षा रुंदी-उंचीचे ठिपके किती, हे विचारावे. ए-फोरच्या पानाला रुंदीत अडीच हजारांच्या आसपास ठिपके असतील तर काम बरे झाले आहे, हजाराच्या खाली असतील तर पुन्हा करून मागावे.

आता दोनशे केबींच्या मर्यादेकडे वळतो, कारण माझी खरी तक्रार तेथे आहे. ३०० डीपीआयच्या ए-फोर पानात सुमारे ८७ लाख ठिपके असतात. रंगीत ठेवले तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे न दाबता अडीच कोटींहून अधिक बाइट लागतात. करड्या छटांत ठेवले तर त्याच्या एक तृतीयांश, आणि निव्वळ काळे-पांढरे केले तर सुमारे ११ लाख. या शेवटच्या प्रकाराला फॅक्सच्या काळापासून चालत आलेली ग्रुप फोर ही दाबण्याची पद्धत लावली, की स्वच्छ छापील पान अनेकदा शंभर केबींच्या आत येते, आणि एकही ठिपका न गमावता. याचा अर्थ असा, की जागा वाचवायची असेल तर आधी रंग सोडावा, मग छटा कमी कराव्यात, समास कापावेत, आणि ठिपक्यांच्या संख्येला हात लावायची वेळ सर्वांत शेवटी यावी. आपल्याकडे नेमके उलटे होते. रंग तसाच राहतो, मागच्या टेबलाचा सनमायका आणि कागद धरणाऱ्याचा अंगठाही चित्रात रंगीत राहतो, आणि अक्षरे तेवढी बळी जातात.

मात्र काळे-पांढरे करणे हा सर्व कागदांवरचा उपाय नव्हे. आमच्या वाटणीपत्रावर मी तो करून पाहिला. पुराचा डाग डांबरासारखा काळा झाला आणि त्याखालच्या तीन ओळी बुडाल्या. वरच्या भागात जेथे शाई विटली आहे, तेथे अक्षरेच नाहीशी झाली. ठराविक काळेपणाच्या अलीकडचे सगळे पांढरे आणि पलीकडचे सगळे काळे, एवढाच न्याय यंत्राला कळतो. डागाळलेले, विटलेले, पेन्सिलीच्या खुणा असलेले, शिक्के उमटवलेले कागद करड्या छटांतच ठेवले पाहिजेत आणि शाई फार विटली असेल तर रंगीतच, कारण निळसर शाई आणि तपकिरी डाग यांतला भेद रंगातच उरतो. असा कागद दोनशे केबींत चार पाने या मापात बसत नाही. हे माप ठरवणाऱ्याने बहुधा कालच छापलेले, पांढरेशुभ्र प्रमाणपत्र डोळ्यांसमोर ठेवले असावे.

जागा वाचवण्याच्या हव्यासातून काय होऊ शकते, याचे एक जगजाहीर उदाहरण आहे. आपण ज्या कंपनीच्या नावानेच छायाप्रतीला ओळखतो, त्या झेरॉक्स कंपनीची काही स्कॅन यंत्रे कागदावरचे आकडे बदलून देतात, असे डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने २०१३ साली दाखवून दिले. एका इमारतीच्या नकाशात तीन खोल्यांची तीन निरनिराळी क्षेत्रफळे होती. प्रतीत तिन्ही खोल्या सारख्याच क्षेत्रफळाच्या झाल्या. कारण असे होते, की ते यंत्र पानावरचे सारखे वाटणारे तुकडे एकच समजून एकाचीच प्रत सगळीकडे चिकटवत होते. अक्षरे धूसर झाली असती तर निदान संशय आला असता. येथे चुकीचा आकडा अगदी स्वच्छ, ठसठशीत उमटत होता. कंपनीला त्यासाठी सॉफ्टवेअरची दुरुस्ती द्यावी लागली. आपल्या सातबाऱ्यांवरचे, नकाशांवरचे आणि गुणपत्रिकांवरचे अंक कोणकोणत्या यंत्रांतून जाऊन येतात, याचा विचार केला की मला वाटणीपत्रातला एक अनुस्वार फारच किरकोळ वाटू लागतो.

येथे एक वेगळा मुद्दा राहून जाऊ नये. ज्या पानाचे अक्षर अक्षर म्हणून देता येते, त्याचे चित्र मुळात करूच नये. कार्यालयातले परिपत्रक युनिकोडमध्ये टंकायचे, छापायचे, त्यावर सही-शिक्का करायचा आणि मग ते तिरपे स्कॅन करून संकेतस्थळावर टाकायचे, ही रीत मला समजत नाही. त्यात शोध घेता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचे वाचक-सॉफ्टवेअर त्यापुढे मुके होते. मराठीत चित्र करण्याची ही सवय का लागली, ते मात्र मी जाणतो. श्रीलिपी काय किंवा सीडॅकचे आयएसएम काय, पुण्यातच घडलेल्या या मराठी टंकनाच्या साधनांवर आम्ही हजारो पाने तपासली. पण त्या काळी फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली आणि तेथे तो फॉण्ट नसला, की मराठीच्या जागी रोमन चिन्हांची खिचडी दिसे. ‘चित्र करून पाठव’ हा त्यावरचा तोडगा होता. आज पीडीएफ करताना फॉण्ट आत बसवता येतो आणि युनिकोड सर्वत्र पोहोचला आहे. तोडग्याचे कारण गेले, तोडगा तेवढा राहिला. जुन्या डीटीपी (संगणकावरील पानजुळणीच्या) फाइलींपुरते अजूनही चित्र करावे लागते. तेथे ते ३०० वर, पीएनजीमध्ये करावे आणि मूळ फाइलही जपून ठेवावी.

पुण्यासारख्या शहरात हा प्रश्न अर्जांपुरता नाही. १९१० सालचे भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१७ सालची भांडारकर संस्था, पेशवे दफ्तर ही मोठी नावे झाली. परंतु पेठांपेठांतली लहान ग्रंथालये, शाळा, गणेश मंडळे, ज्ञातिसंस्था यांच्याकडेही हस्तलिखित मासिके, इतिवृत्ते, स्मरणिका आहेत आणि त्या ‘डिजिटल’ करण्याचा उत्साह सध्या चांगलाच आहे. अशाच एका संस्थेने आपल्या जुन्या मासिकाचे अंक स्कॅन करून घेतले आणि जागा नाही म्हणून मूळ अंक वजनावर घातले. त्या प्रतिमांतल्या तळटिपा आज कोणालाही वाचता येत नाहीत. पानाची रुंदी आठशे ठिपके आहे. काम देताना ‘पानामागे किती रुपये’ एवढेच विचारले गेले होते. अशा कामात निदान ३०० डीपीआयची, न दाबलेली किंवा काहीही न गमावता दाबलेली एक मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवावी, रोजच्या वापरासाठी तिच्यावरून लहान प्रती काढाव्यात आणि अक्षरओळख (चित्रातला मजकूर यंत्राकडून वाचून टंकित अक्षरांत उतरवणे) करून घ्यायची झाली तर तीही मूळ प्रतीवरूनच करावी. टेसरॅक्टसारखे मोफत अक्षरओळख सॉफ्टवेअर मराठी वाचते, पण त्यालाही ३०० च्या आसपासचे पान लागते. धूसर पानावर ते जोडाक्षरांची जी दशा करते, ती तपासताना मुद्रितशोधकाची पेन्सिल झिजून जाईल.

काम नीट झाले की नाही, हे पाहण्यासाठी भिंग लागत नाही. पानावरचे सर्वांत बारीक अक्षर शोधावे, चित्र शंभर टक्क्यांवर ठेवून त्यात रफार आणि अनुस्वार शेजारी आलेला एखादा शब्द पाहावा. ‘वर्षांत’, ‘धर्मांतर’ यांसारख्या शब्दात दोन्ही खुणा वेगळ्या दिसल्या तर पान घ्यावे, एकच गाठोडे दिसले तर परत करावे. मोबाइलवर फोटो काढण्यावाचून गत्यंतर नसेल, तर कागद सपाट करून, दिवसाच्या उजेडात, वरून सरळ काढावा आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो.

ज्या ज्या खात्यांनी अर्जांसोबत प्रतिमा मागवण्याची सोय केली आहे, त्यांना माझी विनंती एवढीच आहे की मर्यादा संपूर्ण दस्ताला न लावता पानाला लावावी आणि ती निदान एक एमबीची असावी. जेपीजीबरोबर पीएनजी आणि पीडीएफही स्वीकारावी. आणि अर्ज पाठवण्याआधी अर्जदाराला त्याची प्रतिमा पूर्ण आकारात, कार्यालयातील माणसाला जशी दिसणार आहे तशीच, दाखवावी. ती दाखवली असती तर आमचा महिना वाचला असता.

आमच्या अर्जाचे पुढे काय झाले, तेही सांगतो. पुतण्याने वाटणीपत्र एका परिचितांच्या सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयने करड्या छटांत स्कॅन केले आणि त्या प्रती आम्ही जपून ठेवल्या. अर्जासाठी मात्र मर्यादा तीच, चारही पाने मिळून दोनशे केबी. तेव्हा कोणत्या पानाला किती केबी द्यायचे, अशी दुसरी वाटणी आम्हाला घरात बसून करावी लागली. विहीर तिसऱ्या पानावर आहे म्हणून त्याला एकट्याला नव्वद दिले, सर्व्हे नंबर पहिल्या पानावर म्हणून त्याला साठ, आणि उरलेल्या दोघांनी पन्नासांत भागवले. अर्ज या वेळी दाखल झाला आहे. साक्षीदारांची नावे चौथ्या पानावर आहेत. ती आता कोणालाही वाचता येणार नाहीत.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
नारायण पेठ, पुणे ३०